सभागृहाचे सदस्य नसलेले सभापती

ताई, शाळेच्या वऱ्हांड्यात तुम्ही चालवत असलेल्या अभ्यासिकेतील मुलांचे तीन प्रश्न मिळाले. राज्यसभेचे सभापती हे आपल्या पंचायत समितीच्या किंवा बाजार समितीच्या सभापतींसारखेच असतात का, हा पहिला. ते त्या सभागृहाचे सदस्यच नसतील तर खासदारांनी त्यांचे का ऐकावे आणि ते स्वतः चुकले तर त्यांना कोण विचारणार, हा दुसरा. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्या आमदारांना मत असते, मग उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत का नसते, हा तिसरा. मी राज्याच्या विधानमंडळात प्रतिवेदक होतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, इकडे शेतात कापसाची वेचणी चाललेली असताना, विधान परिषदेच्या सभापतींच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसून सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द लघुलेखनात उतरवून घेणे हे माझे काम होते. राज्यसभेत मी काम केलेले नाही, परंतु आसनावर बसलेली व्यक्ती सभागृह कशाच्या बळावर चालवते हे मी अनेक वर्षे अगदी जवळून पाहिले आहे, आणि तुमच्या मुलांनी नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले आहे.

पहिल्या प्रश्नातला घोटाळा शब्दाचा आहे आणि तो होणे स्वाभाविक आहे. आपल्या भागात सभापती म्हटले की पंचायत समितीचे किंवा कृषी उत्पन्न बाजार समितीचे सभापती डोळ्यांसमोर येतात. पंचायत समितीचे सदस्य आपल्यातूनच एकाला सभापती करतात, बाजार समितीचे संचालकही तसेच करतात. आपल्या विधान परिषदेतही हीच रीत आहे, कारण संविधानाच्या कलम १८२ प्रमाणे परिषद आपल्या सदस्यांपैकीच सभापती निवडते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते, आणि त्यांच्यानंतर अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई १९७८ ते १९८२ या काळात त्या आसनावर बसले. दोघेही परिषदेचे सदस्य होते. राज्यसभेची गोष्ट मात्र वेगळी आहे. कलम ६४ आणि कलम ८९ नुसार भारताचे उपराष्ट्रपती हेच राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. राज्यसभा त्यांना स्वतंत्रपणे निवडत नाही आणि ते राज्यसभेचे सदस्यही नसतात. इतकेच नव्हे, तर एखादा खासदार किंवा आमदार उपराष्ट्रपती म्हणून निवडून आला, तर ज्या दिवशी तो पद ग्रहण करतो त्या दिवशी त्याची सभागृहातील जागा रिकामी झाली असे कलम ६६ मानते.

ही एक गोष्ट मुलांनी पक्की धरली की पुढच्या बऱ्याच तरतुदी पाठ करण्याची गरज उरत नाही, त्या आपोआप उलगडतात. त्यांच्या वेतनाकडे पाहा. उपराष्ट्रपती म्हणून त्यांना वेगळे वेतन नसते. जे मिळते ते राज्यसभेचे सभापती म्हणून मिळते, आणि २०१८ पासून ते महिन्याला चार लाख रुपये आहे. राष्ट्रपतींचे पद रिकामे झाल्यामुळे किंवा राष्ट्रपती अनुपस्थित असल्यामुळे ते राष्ट्रपतींचे काम पाहू लागले, तर तेवढ्या काळात ते सभापती म्हणून काम करत नाहीत आणि सभापतींचे वेतनही घेत नाहीत. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरते तेव्हा तिचे अध्यक्षस्थान लोकसभेचे अध्यक्ष भूषवतात. १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याच्या विधेयकासाठी आणि २००२ मध्ये दहशतवादविरोधी विधेयकासाठी अशा बैठका झाल्या, आणि त्यांपैकी एकाही बैठकीचे अध्यक्षस्थान राज्यसभेच्या सभापतींकडे नव्हते.

मताच्या बाबतीत मुलांची गल्लत होते ती इथे. कलम १०० प्रमाणे लोकसभेचे अध्यक्ष काय किंवा राज्यसभेचे सभापती काय, दोघेही पहिल्या फेरीत मत देत नाहीत, आणि दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतात. यावरून दोघांची स्थिती सारखी आहे असे वाटते, पण कलम ९२ आणि कलम ९६ शेजारी शेजारी ठेवून वाचले की फरक दिसतो. लोकसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला तर ते त्या वेळी अध्यक्षस्थानी बसू शकत नाहीत, मात्र सभागृहात बोलू शकतात आणि सदस्य या नात्याने पहिल्या फेरीतच मतही देऊ शकतात. राज्यसभेच्या सभापतींविरुद्ध तसा ठराव आला तर तेही अध्यक्षस्थानी बसू शकत नाहीत, तेही बोलू शकतात, परंतु मत मात्र अजिबात देऊ शकत नाहीत. मताचा अधिकार सदस्याचा असतो आणि ते सदस्य नाहीत. परीक्षेत या दोन कलमांवर प्रश्न आला तर पाठांतरापेक्षा हे एक कारण अधिक उपयोगी पडेल.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर याच धाग्यात आहे. उपराष्ट्रपतींनी वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्षस्थान सांभाळावे ही कल्पना अमेरिकेच्या सिनेटमधल्या व्यवस्थेशी मिळतीजुळती आहे. राष्ट्रपतींची जागा अचानक रिकामी झाली तर ती सांभाळणारे कोणीतरी हवे, आणि तशी वेळ क्वचितच येत असल्यामुळे एरवी त्या व्यक्तीकडे नियमित काम हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत या पदाचा खुलासा करताना हेच कारण दिले होते. राष्ट्रपतींचे अधिकार केंद्राइतकेच राज्यांनाही लागू होतात, म्हणून त्यांच्या निवडणुकीत राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य भाग घेतात. उपराष्ट्रपतींचे नेहमीचे काम राज्यसभेचे अध्यक्षस्थान सांभाळणे हे आहे, राष्ट्रपती म्हणून काम पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे त्यांच्या निवडणुकीत राज्य विधिमंडळांच्या सदस्यांना ओढण्याचे कारण नाही, असा त्यांच्या खुलाशाचा आशय होता. म्हणून उपराष्ट्रपतींना फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य गुप्त मतदानाने निवडतात. यात आणखी एक बारकावा आहे, जो मुले हमखास विसरतात: राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नामनिर्देशित खासदारांना मत नसते, उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र असते. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. त्याआधी राधाकृष्णन आपल्याच राज्याचे राज्यपाल होते, हे मुलांच्या लक्षात असेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत लांब होणार आहे. खासदारांनी त्यांचे का ऐकावे?

नियमांच्या भाषेत याचे उत्तर सोपे आहे. कोणाला बोलू द्यायचे, किती वेळ द्यायचा, कोणता शब्द कामकाजातून काढून टाकायचा, हरकतीच्या मुद्द्यावर निर्णय काय, हे सर्व सभापती ठरवतात. ठरलेले कामकाज बाजूला ठेवून तातडीचा विषय घ्यावा अशी नियम २६७ खालील सूचना स्वीकारायची की नाही, हेही त्यांच्या हाती असते. सभागृहाबाहेर परिणाम करणारे अधिकारही आहेत. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखाली राज्यसभेच्या सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय सभापती करतात, आणि डिसेंबर २०१७ मध्ये एम. व्यंकय्या नायडू यांनी शरद यादव आणि अली अन्वर यांना त्याखाली अपात्र ठरवले. सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची सूचना राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी दिली, तर १९६८ च्या कायद्याप्रमाणे ती स्वीकारायची की फेटाळायची हे सभापती ठरवतात. एप्रिल २०१८ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांविरुद्धची अशी सूचना नायडू यांनी फेटाळली होती.

मात्र एक अधिकार त्यांना नाही. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला नियम २५५ प्रमाणे ते त्या दिवसापुरते सभागृहाबाहेर जायला सांगू शकतात. अधिवेशनाच्या उरलेल्या काळासाठी निलंबित करायचे असेल, तर सभापती फक्त त्या सदस्याचे नाव घेतात, आणि निलंबनाचा प्रस्ताव नियम २५६ प्रमाणे सभागृहाला मंजूर करावा लागतो. लोकसभेच्या अध्यक्षांना २००१ पासून नियम ३७४क खाली जी आपोआप निलंबनाची ताकद मिळाली, तशी राज्यसभेच्या सभापतींजवळ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यसभेतील ४६ सदस्य निलंबित झाले ते अशाच प्रस्तावांमधून, म्हणजे सभागृहातील बहुमताच्या बळावर. त्यामुळे शिस्तीचा मोठा बडगा उगारायचा झाला की सभापतींना बहुमताच्या बाकांकडे पाहावे लागते, आणि ते बहुमत बहुतेक वेळा सरकार पक्षाचे असते. माझ्या मते या पदाची खरी अडचण इथेच आहे. सदस्य नसल्यामुळे सभापती निःपक्षपाती राहतील असे मानणे भाबडेपणाचे आहे, कारण बहुतेक उपराष्ट्रपती राजकीय पक्षांमधूनच आलेले आहेत आणि ज्या पक्षाचे संसदेत संख्याबळ असते त्याचाच उमेदवार निवडून येतो. सदस्यत्व नसल्यामुळे त्यांना मतदारसंघ सांभाळावा लागत नाही आणि पक्षादेश लागू होत नाही. त्यापुढचे अंतर त्यांना रोजच्या वागण्यातूनच राखावे लागते.

हे रोजचे वागणे म्हणजे काय, ते मी टेबलाशी बसून शिकलो. एखादा सदस्य चढ्या आवाजात काही बोलला आणि सभापतींनी त्याला थांबवले, तर पाचच मिनिटांनी दुसऱ्या बाजूचा सदस्य तसेच बोलल्यावर सभापती त्यालाही थांबवतात का, याकडे सगळे सभागृह डोळ्यांत तेल घालून पाहत असते. माझ्या वहीत दोन्ही वाक्ये उतरलेली असत, म्हणून मला ते अधिक नेमके दिसे. ज्या दिवशी दोघांनाही सारखेच थांबवले जाई, त्या दिवशी उरलेले कामकाज सुरळीत पार पडे. ज्या दिवशी एकाला सूट मिळे, त्या दिवशी पुढचा तासभर माझ्या वहीत ‘अडथळा’, ‘गोंधळ’ यांशिवाय फारसे काही नसे.

मत मोजण्याच्या बाबतीत हे सर्वांत जास्त खरे आहे. चर्चा संपली की सभापती प्रस्ताव मतास टाकतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि ज्याचा आवाज मोठा वाटला त्याच्या बाजूने सभापती आपले मत सांगतात. ते नुसते मत असते, निकाल नसतो. त्याला कोणी आव्हान दिले तर नियम २५२ प्रमाणे मतविभाजन घ्यावे लागते, म्हणजे प्रत्येक सदस्याचे मत नोंदवून मोजावे लागते. संख्येने लहान असलेल्या गटाजवळ सभागृहात फार थोडी साधने असतात, त्यांतले हे सर्वांत किमती साधन आहे, कारण त्यामुळे हरणारा गट किती मतांनी हरला आणि कोणी कुठे मत दिले हे कायमचे नोंदले जाते.

२० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत शेतीमालाच्या व्यापाराची आणि करार शेतीची अशी दोन विधेयके मतास आली, तेव्हा उपसभापती हरिवंश आसनावर होते. विरोधी सदस्यांचे म्हणणे असे की त्यांनी मतविभाजन मागितले होते आणि तरीही विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. आसनाच्या बाजूने सांगण्यात आले की मतविभाजनाची मागणी सदस्याने आपल्या जागेवरून करायची असते आणि त्या वेळी सदस्य जागेवर नव्हते, सभागृहात गोंधळ होता. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. पुढे दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन चालले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनेच ते कायदे रद्द केले. कापूस आणि तूर पिकवणाऱ्या आपल्या गावांमध्ये त्या कायद्यांच्या बाजूने बोलणारे होते, तसे विरोधातही होते, आणि त्या वादात मी इथे पडत नाही. माझे म्हणणे फक्त मोजणीपुरते आहे. गोंधळ शमेपर्यंत कामकाज थांबवून, सदस्यांना जागेवर बसवून मते मोजली असती, तर जो निकाल लागला असता तो कोणालाही नाकारता आला नसता. सरकारकडे बहुमत असेलही, पण न मोजलेले बहुमत शेतकऱ्याला कसे दाखवणार?

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितो याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका गावात मी ग्रामसभेला बसलो होतो. घरकुलाच्या यादीचा विषय होता. अध्यक्षस्थानावरच्या व्यक्तीने ‘सर्वांना मान्य?’ असे विचारले, पुढच्या दोन ओळींतून ‘मान्य’ असा आवाज आला, आणि मागे झाडाखाली उभ्या असलेल्या बायांनी हात वर करून ‘थांबा’ म्हणेपर्यंत ठरावाखाली सह्या सुरू झाल्या होत्या. त्या बायांच्या मताने निकाल बदलला असता की नाही, हे आजपर्यंत कोणाला ठाऊक नाही. पण त्या यादीवरचा संशय पुढची अनेक वर्षे गेला नाही, आणि ज्यांची नावे यादीत रीतसर होती त्यांनाही तो सोसावा लागला. म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना मतविभाजनाची व्याख्या सांगताना दिल्लीचे उदाहरण द्याच, पण ग्रामसभेचेही द्या.

आता सभापती चुकले तर त्यांना कोण विचारणार. कलम ६७ प्रमाणे उपराष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याचा ठराव फक्त राज्यसभेत मांडता येतो, त्यासाठी किमान चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, तो राज्यसभेच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि लोकसभेने त्याला सहमती द्यावी लागते. राज्यसभेच्या सध्याच्या २४५ जागा पूर्ण भरलेल्या असतील, तर हे बहुमत १२३ होते. त्या दिवशी किती सदस्य हजर आहेत याचा इथे संबंध नाही. राष्ट्रपतींवर महाभियोग चालवायला संविधानभंगाचा आरोप लागतो, उपराष्ट्रपतींच्या बाबतीत संविधानाने कोणतेही कारण नमूद केलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जगदीप धनखड यांच्याविरुद्ध विरोधी सदस्यांनी अशी सूचना दिली, आणि पदावरील उपराष्ट्रपतींविरुद्धची ती पहिलीच सूचना होती. उपसभापतींनी ती फेटाळली. चौदा दिवसांच्या मुदतीची पूर्तता होत नाही, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. पुढे २१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राष्ट्रपतींकडे राजीनामा दिला.

अशा वेळी आसन रिकामे राहत नाही. संविधानात हंगामी उपराष्ट्रपती नावाचे पद नाही, परंतु सभापतींचे काम कलम ९१ प्रमाणे उपसभापतींकडे जाते. हे उपसभापती मात्र राज्यसभेचे सदस्य असतात आणि सदस्यच त्यांना आपल्यातून निवडतात, म्हणजे मुलांच्या मनातला पंचायत समितीचा सभापती खऱ्या अर्थाने तिथे भेटतो. या पदाशी आपल्या विदर्भाचे जुने नाते आहे. चंद्रपूरचे बॅरिस्टर भाऊराव खोब्रागडे १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते. पुढे अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या प्रतिभाताई पाटील १९८६ ते १९८८ मध्ये उपसभापती होत्या, आणि १९८७ मध्ये आर. वेंकटरमण राष्ट्रपती झाल्यावर नवे उपराष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा पदावर येईपर्यंतचे काही आठवडे सभापतींचे कामही त्यांनीच पाहिले. स्वतः सभापती झालेल्यांमध्ये न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला आहेत. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, नागपुरात वकिली केली, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, आणि भारताचे सरन्यायाधीशपद भूषवल्यानंतर १९७९ ते १९८४ या काळात उपराष्ट्रपती होते. दोन्ही बाजू ऐकून निर्णय देण्याची न्यायालयातली सवय घेऊन आलेला माणूस त्या आसनाला साजेसा असतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. १३ मे १९५२ रोजी राज्यसभेची पहिली बैठक भरली तेव्हा आसनावर बसलेले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन हेही पक्षीय राजकारणातून आलेले नव्हते, आणि ते सलग दहा वर्षे त्या आसनावर राहिले.

मुलांना हे सर्व प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर अधिवेशन चालू असताना दुपारी बाराच्या सुमारास संसद टीव्ही लावा. राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास २०१४ पासून सकाळी अकराऐवजी बारा वाजता असतो. सकाळी शून्य प्रहर, म्हणजे सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याची वेळ, आधी उरकला जातो. मंत्री काय उत्तर देतात ते नंतर छापील स्वरूपातही वाचता येते. पडद्यावर पाहायचे ते आसनाकडे: पुरवणी प्रश्नाला सभापती कोणकोणत्या बाकांवरच्या सदस्यांची नावे पुकारतात, कोणाला किती वेळात थांबवतात, आणि सभापती उभे राहिल्यावर किती सदस्य खाली बसतात, याची मुलांना वहीत नोंद करू द्या. येत्या शनिवारी मी गावात येणार आहे. मराठीतील संविधानाची एक प्रत तयार ठेवा, कलम ९२ आणि ९६ आपण मुलांकडूनच मोठ्याने वाचून घेऊ.